तळघरातला बंब

दुपारी जेवणं झाल्यावर जरा आडवं व्हावं म्हणून दुलई ओढली, तेवढ्यात जमिनीखालून ‘ढुर्र’ असा आवाज आला. वरच्या खोलीत जावयांची ऑफिसची मीटिंग चालली होती. ती तशीच टाकून ते धाडधाड जिना उतरले आणि थेट तळघरात. मला वाटलं, काहीतरी फुटलं. फुटलं काही नव्हतं. तेलाचा बर्नर सुरू झाला होता.

अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या या घरात हिवाळ्यात तेलाचा बर्नर सुरू होणं म्हणजे नाक कापलं जाणं. घर तापवायचं ते लाकडावर. तळघरात एक धिप्पाड बॉयलर आहे. त्याच्या पोटात मेपलचे नाहीतर बीचचे ओंडके जातात, भोवतीचं पाणी १८० अंश फॅरनहाइटपर्यंत तापतं आणि पंप ते पाणी भिंतींच्या कडेकडेनं सगळ्या खोल्यांतून फिरवून आणतो. शेजारी तेलाचा दुसरा बॉयलर, तो फक्त अडीअडचणीला. लाकडाचा थर्मोस्टॅट ६८ अंश फॅरनहाइटवर लावलेला, तेलाचा ६० वर. लाकूड विझून घर ६० पर्यंत उतरलं की तेलवाला कुणाला न विचारता कामाला लागतो. बाहेर उणे वीस सेल्सिअस असताना तो नसता, तर नळातलं पाणी गोठून पाइप फुटले असते. म्हणजे खरा राखणदार तोच. पण कौतुक सगळं लाकडाचं.

“सॉरी आई, गार पडलं ना घर?” जावई वर येऊन म्हणाले, पाहुण्याच्या ताटात शिळं पडल्यासारखा चेहरा करून.

मला मात्र आमचे आजोबा आठवले. वाईच्या घरी न्हाणीच्या दाराशी तांब्याचा बंब असायचा. मधोमध नळी, नळीत निखारे, बुडाशी जाळी, भोवती पाणी, खाली पितळी तोटी. वखारीतून बंबफोड यायची ती पोत्यांतून. वर चिपाडं, करवंट्या, जे हाताला लागेल ते. तोटीतून बादली काढली की वरून तेवढंच गार पाणी ओतायचं, हा नियम. कारण बंब कोरडा पडला तर सांध्यांचा डाग सुटतो. आम्ही पोरं नेमकी ओतायचं विसरायचो आणि न्हाणीतून अंगाला साबण लावलेल्या काकाची हाक यायची. दिवाळीत बंबाला झेंडूची माळ, हळदकुंकू. चिंचेनं घासून तो असा लखलखीत व्हायचा की त्यात आपलं तोंड लांबुळकं झालेलं दिसे.

आजोबांचं ठाम मत होतं की बंबाचं पाणी अंगाला लागतं, स्टोव्हवरचं लागत नाही. पावसाळ्यात लाकूड भिजलेलं असलं की आजी गुपचूप वातीच्या स्टोव्हवर पातेलं चढवी. आजोबा घंगाळात बोट बुडवून ओळखत. “हे बंबाचं नव्हे.” मग विसण कमी घातलं, जास्त घातलं, अशी कुरकुर आंघोळ संपेपर्यंत. पाणी ते पाणी, काय फरक पडतो? पण खरं सांगू का, इथं तेल जळत असलं की मलाही ऊब जरा पातळ वाटते. पाइप तेच, पाणी तेच. लेकीला सांगितलं तर हसली. हसू दे.

लाकूड सुकलंय की नाही, हे बघायला जावयांकडे दोन सुयांचं एक यंत्र आहे. ओंडका फोडून ताज्या भेगेत सुया खुपसायच्या, ओलावा २० टक्क्यांच्या आत हवा. जास्त असला तर लाकडाची बरीच ऊब स्वतःचं पाणी उकळण्यातच जाते, आणि धुराचं काळं डांबर चिमणीत चिकटून एखाद्या रात्री तेच पेट घेतं. म्हणून पुढच्या हिवाळ्याचं लाकूड यंदाच फोडून रचून ठेवायचं. मोजायचं ते ‘कॉर्ड’मध्ये. चार फूट उंच, चार फूट रुंद, आठ फूट लांब रास, म्हणजे १२८ घनफूट. आजी दोन तुकडे एकमेकांवर आपटायची. टण्ण वाजलं तर बंबात, बद्द वाजलं तर माळ्यावर. तिला सुया लागत नव्हत्या.

जावयांच्या स्वावलंबनात एकच गोम आहे. लाकूड स्वतःचं, आग स्वतःची, पण पंप विजेवर. वादळात वीज गेली की पंप बंद, आणि आग काही बटणानं बंद होत नाही. त्यासाठी वरच्या बाजूला पाइपाचा एक जादा फेरा आहे आणि त्यावर एक झडप. वीज असेपर्यंत ती मिटलेली, वीज गेली की आपोआप उघडते; तापलेलं पाणी आपलं आपण वर चढतं, निवून खाली येतं. ही झडप मला त्यांनी बॅटरीच्या उजेडात दोनदा दाखवली. मुंजीतला बटूसुद्धा कुणी इतक्या कौतुकानं दाखवत नाही.

आजोबांनी बंब आयुष्यात कधी पेटवला नाही. पहाटे अंधारात उठून, राख काढून, फुंकणीनं फुंकून डोळे लाल करून घेणारी आजी. सगळ्यांच्या शेवटी, उरल्या कोमट पाण्यात अंघोळ करणारीही तीच. घरात गॅसचा गीझर आला तेव्हा आम्ही नातवंडं हळहळलो. आजीनं त्याच आठवड्यात बंब मोडीत काढला आणि आलेल्या पैशांतून स्वतःसाठी इरकली घेतली.

जावई निदान स्वतः पहाटे पाचला उठून तळघरात जातात, हे कबूल केलं पाहिजे. फक्त ते कामानिमित्त बाहेरगावी असले की ओंडके लेकच घालते. काल भांडी पुसताना म्हणाली, विजेवर घर तापवणाऱ्या हीट पंपाचं कोटेशन मागवलंय. अजून त्यांच्यापाशी बोलू नकोस म्हणाली.