मासा विचित्र वागतोय? औषधाच्या आधी पाणी बघा

घरच्या टँकमधला मासा कोपऱ्यात तोंड खुपसून बसला किंवा खडीवर अंग घासू लागला, की बहुतेक घरांत आधी निळ्या औषधाची बाटली निघते. ती घाई करू नका. निळं औषध म्हणजे मेथिलीन ब्लू. फिल्टरच्या स्पंजात माशांची घाण पचवणारे जिवाणू असतात, त्यांनाही ते मारू शकतं. दुखणं पाण्याचं असेल, तर या औषधाने ते आणखी वाढतं. आपल्या भागात तर बऱ्याच वेळा दुखणं पाण्याचंच असतं.

आधी बघायचं की एकच मासा बिघडलाय की सगळे. एकटाच असेल तर रोग, मारामारी किंवा पोट. सगळे एकदम बिघडले तर पाणी. मग वेळ बघायची. पहाटे वर येऊन तोंड मारत असतील आणि दहा वाजेपर्यंत ठीक होत असतील, तर रात्री ऑक्सिजन कमी पडतोय. अंधारात पाणवनस्पतीही ऑक्सिजन ओढतात. भर दुपारी तसं होत असेल तर उष्णता. पाणी बदलल्यावर तासाभरात सैरावैरा पळत असतील तर नव्या पाण्यात काहीतरी आहे. फायटर आणि गोरामी जातीचे मासे मात्र अधूनमधून वर येऊन हवा घेतातच, ती त्यांची सवय आहे. त्यांच्यावरून अंदाज बांधू नका, गप्पी-मोली काय करतात ते बघा.

मे महिन्यात बाहेर 45 अंश असताना पत्र्याच्या किंवा स्लॅबच्या खोलीतलं पाणी 34-35 पर्यंत सहज जातं. 25 अंशांच्या पाण्यात लिटरमागे 8 मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन मावतो, 35 अंशांना 7 पेक्षाही कमी. त्याच वेळी माशाची गरज वाढलेली असते. वरचं झाकण काढून जाळी लावा आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर वारा लागेल असा ठेवा. आपली उन्हाळी हवा कोरडी असते, त्यामुळे कूलरसारखं काम होऊन पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. बर्फ टाकायचाच असेल तर बंद बाटलीत गोठवून टाका, आणि तासाला 2 अंशांपेक्षा जास्त उतरू देऊ नका.

यात एक गोष्ट हमखास चुकते. वाफ होते ती शुद्ध पाण्याची, क्षार मागेच राहतात. कूलरच्या जाळीवर मार्च ते जून जो पांढरा थर चढतो, तोच क्षार टँकमध्ये विरघळून साठत जातो. रोज कमी झालेलं पाणी बोअरच्या पाण्याने भरत राहिलात तर जूनपर्यंत ते कितीतरी जड होतं. खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला-अमरावती-बुलढाण्याकडच्या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यात, तर मुळातच खारं असतं. म्हणून रोजची भर आरओच्या पाण्याने घाला आणि आठवड्याला 20-25 टक्के पाणी बोअरच्या पाण्याने बदला. पूर्ण टँक जारच्या (आरओच्याच) पाण्याने भरणं ही उलटी चूक. त्यात पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप) धरून ठेवणारे क्षार जवळजवळ नसतात, तो हळूहळू घसरतो आणि मासे सुस्त होऊन तळाशी बसतात. अशा टँकमध्ये एकदम अर्धं बोअरचं पाणी ओतू नका, पीएच झटकन चढतो. पीएच 7 आणि 25 अंशांना, माशांच्या घाणीतून होणाऱ्या एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच 8.5 आणि 32 अंशांना तोच 20 टक्क्यांच्या वर जातो. घाण तेवढीच राहते, पण विष कितीतरी पट वाढतं. रोज 10 टक्के बदलत न्या.

बोअरचं किंवा हापशीचं ताजं पाणीही थेट ओतायचं नाही. त्यात ऑक्सिजन कमी आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असू शकतो. रात्रभर बादलीत हवेचा दगड (पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा) सोडून ठेवा. नळयोजनेचं पाणी असेल तर टीसीएलचा (ब्लीचिंग पावडरचा) वास घेऊन बघा. पावसाळ्यात विहिरीत किंवा टाकीत पावडर जास्त पडते, आणि क्लोरीनने कल्ले भाजतात. उघड्या बादलीत हवा सोडून 24 तास ठेवलं तर तो उडतो. घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट: 10 ग्रॅम खडे 100 मिली पाण्यात विरघळवून ठेवा, त्यातलं 1 मिली 10 लिटरला.

बादली कोणती, हेही विचारा. फवारणीचं औषध कालवलेली बादली किंवा मग कितीही धुतला तरी टँकसाठी नको. फवारणी करून आलेले हात साबणाने धुतले तरी पाण्यात घालू नका, त्या दिवशी दुसऱ्याला सांगा. तांब्या-पितळेच्या गुंडीत साठवलेलं पाणीही नको. तांबं माशांना आणि त्याहून जास्त गोगलगाय-झिंग्यांना बाधतं. शिवाय हवेचा पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. त्याच खोलीत मच्छरांचं लिक्विड मशीन रात्रभर चालू असेल, तर त्यातलं औषध पाण्यात जातं. ही औषधं बहुधा पायरेथ्रॉइड गटाची असतात, आणि हा गट माशांना अत्यंत विषारी आहे. मासे थरथरत, गिरक्या घेत पोहत असतील तर आधी हे तपासा. पंप दुसऱ्या खोलीत ठेवून लांब नळी आणा आणि लगेच निम्मं पाणी बदला.

लाईन गेली की पंप थांबतो. पंप पाण्याच्या पातळीखाली ठेवला असेल तर नळीतून पाणी उलटं येऊन तो जळतो, म्हणून वरच्या फळीवर ठेवा किंवा नळीत नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी उलटं येऊ न देणारी झडप) लावा. लाईन येईपर्यंत खायला घालू नका. दर 15 मिनिटांनी मगाने पाणी घेऊन फूटभर उंचीवरून 20-25 वेळा ओता. डब्याचा बंद फिल्टर तीन-चार तास बंद राहिला तर आतलं पाणी फेकून, स्पंज टँकच्याच पाण्यात खळबळून मगच चालू करा. आतलं सडकं पाणी टँकमध्ये आलं तर सगळे मासे एकदम वर येतात. स्पंज नळाखाली चोळून धुण्याचाही तसाच परिणाम होतो, फक्त दोन-चार दिवस उशिरा.

टँक नवा असेल, चार-सहा आठवड्यांच्या आतला, तर घाण पचवणारे जिवाणू पुरेसे नसतात, म्हणून अमोनिया आणि त्यापासून होणारं नायट्राइट हे विष धरूनच चाला. कल्ले तपकिरी दिसले, श्वास जोरात चालला आणि पंपही चालू असला, तर नायट्राइट. लिटरला 1 ग्रॅम जाडं मीठ घाला, त्यातला क्लोराइड नायट्राइटला आत शिरू देत नाही. टँकचे लिटर मोजताना लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची सेंटिमीटरमध्ये गुणून 1000 ने भागा. 60 × 30 × 30 चे 54 लिटर होतात, खडी वजा जाता 45 धरा. खाणं दोन दिवस बंद.

एवढं करूनही एकच मासा बिघडलेला राहिला, तर मग रोगाकडे वळायचं. गोल्डफिश खाल्ल्यावर उलटा तरंगतो तो बहुधा पोटामुळे: दोन दिवस उपाशी, नंतर उकडून साल काढलेला वाटाणा, आणि पुढे दाणे भिजवूनच द्यायचे. पोट फुगून खवले सीताफळाच्या डोळ्यांसारखे उभे राहिले असतील तर मासा क्वचितच वाचतो. त्याला वेगळं काढा.

अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके आणि घासणं, हा इक नावाचा रोग. आपल्याकडे तो डिसेंबर-जानेवारीत येतो, दिवस-रात्रीच्या तापमानात फरक पडला की. हीटर लिटरला 1 वॉट हिशोबाने घ्या आणि पाणी दिवसाला दोन अंश चढवत 29-30 वर न्या, हवा वाढवा. मीठ लिटरला 2-3 ग्रॅम, तीन वेळा थोडं थोडं विरघळवून. पाणवनस्पती किंवा सकर फिश (काचेला चिकटणारा मासा) असेल तर 1 ग्रॅमवर थांबा. ठिपक्यातला जंतू अंगावर असेपर्यंत कोणतंही औषध त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तो सुटून पाण्यात पोहतो तेव्हाच मरतो, म्हणून शेवटचा ठिपका गेल्यावरही चार दिवस हेच चालू ठेवा. त्यानंतर दर आठवड्याला पाव पाणी बदलत मीठ उतरवा.