मोठ्यालाही ऐकायचं असतं

"हे पुस्तक बारा वर्षांच्या पुढच्यांसाठी आहे ना, मग धाकटीला कशाला वाचून दाखवतेस?" ताई काल रात्री सहज म्हणाली आणि ते डोक्यातून जाईचना.

कारण तेव्हा धाकटी तर ऐकत होतीच, पण पंधरा वर्षांचा मोठाही दाराला टेकून उभा होता, एक इयरफोन कानात, दुसरा लोंबतोय, आणि मी पाणी प्यायला थांबले तर म्हणतो, "अगं वाच ना, पत्र दिलं का त्याने?"

मुलांना स्वतः वाचून जेवढं कळतं त्यापेक्षा ऐकून बरंच जास्त कळतं, साधारण 13-14 वर्षांपर्यंत तरी. मग कव्हरवरचं वय बघून पुस्तक बाजूला का ठेवायचं? एकत्र वाचताना आपण शेजारी असतो ना, शब्द अडला की थांबता येतं, एखादा प्रसंग जड वाटला तर तो आपण आधी वाचून ठेवायचा. मी तर घेण्याआधी एखादं पान मोठ्याने वाचून बघते, संवाद जिभेवर अडखळले की ते पुस्तक नको, कितीही गाजलेलं असो.

तुमच्याकडे वेगवेगळ्या वयाची मुलं असतील तर पुस्तक कोण निवडतं, तुम्ही की ती?