माळावरची नोंदवही : तिसरा पावसाळा

पन्हाळ्याच्या पूर्वेकडच्या उतारावर आमची सव्वातीन एकर पड जमीन आहे. मुरुमाखाली हातभर खोलीवर कातळ लागतो आणि वर पाणी चढवणे परवडत नाही, म्हणूनच ती आजवर उसाखाली गेलेली नाही. लावे आणि तित्तिर हे गवतात, जमिनीवर राहणारे पक्षी टिकतील अशा रीतीने ही जमीन राखता येते का, हे पाहण्याच्या माझ्या उद्योगाला या मृगात तिसरे वर्ष लागले. दोन वर्षांत जे चुकले त्याचा हिशेब आता थोडा जुळू लागला आहे, त्यामुळे आधी चुकांविषयीच लिहितो.

पहिल्या वर्षी मी तारेचे कुंपण घातले, गुरे बंद केली आणि गवताला विळा लावू दिला नाही. पक्ष्यांना गवत हवे, तेव्हा जितके गवत अधिक तितके पक्षी अधिक, असा माझा सरळ समज होता. आमच्या जिल्ह्यात पश्चिमेला गगनबावड्यात वर्षाला 5,000 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पूर्वेला शिरोळकडे जेमतेम 500 ते 600. आमचा माळ या दोन टोकांच्या मध्ये असल्याने येथे पवन्या आणि कुसळी ही गवते कमरेइतकी सहज वाढतात. दुसऱ्या पावसाळ्यात नवे गवत जुन्या, आडव्या पडलेल्या गवतातून वर आले आणि जमिनीवर गादीसारखा थर साचला. त्या वर्षी आमच्या हद्दीत पावसाळी लावा या जातीची एकही हाक ऐकू आली नाही. शेजारच्या चरलेल्या, दिसायला उजाड अशा गायरानातून मात्र दोन नर रोज ओरडत होते.

लावा हा मुठीएवढा पक्षी आहे आणि तो उडण्यापेक्षा चालण्यावर जगतो. त्याची पिल्ले अंड्यातून बाहेर आली की त्याच दिवशी चालू लागतात, आणि सुरुवातीचे काही आठवडे त्यांचा मुख्य आहार मुंग्या, वाळवी, बारीक नाकतोडे असा असतो. अंगठ्याएवढे पिल्लू गवताच्या भिजलेल्या गादीतून वाट काढू शकत नाही. ते ओले होते आणि गारठून मरते. म्हणजे डोक्यावर आडोसा हवा, पण पायाखाली मोकळी माती हवी. गवताचे ठोंब वेगवेगळे असावेत आणि दोन ठोंबांच्या मध्ये वीतभर जागा असावी. हे तपासण्यासाठी मी एक घरगुती उपाय वापरतो. गवतात पितळी तांब्या ठेवून दहा पावले मागे यायचे. उभे राहून पाहिले तर तो दिसता कामा नये, आणि जमिनीला गाल टेकवून पाहिले तर ठोंबांच्या बुडातून तो थोडा तरी दिसला पाहिजे. वरून दिसला तर ससाण्यालाही लावा दिसणार. खालून दिसला नाही तर पिल्लाला वाट नाही. माळावर पालथ्या पडलेल्या माणसाकडे रस्त्यावरचे लोक कसे पाहतात, याची आता मला सवय झाली आहे.

त्यामुळे कुंपण उघडावे लागले. शेजारच्या आबांनी मला पहिल्याच वर्षी सुनावले होते, ‘गवात सोडून तुला काय मिळणार हाय? सडून जाईल की सगळं.’ ते खरेच होते. आता पौष-माघात त्यांच्या म्हशी एका वेळी एकाच पट्टीत, आठ-दहा दिवस चरतात. त्यांच्या खुरांनी साचलेला थर फुटतो, माती उघडी पडते, आणि शेणाखाली लागणारे किडे हा वरचा फायदा.

कापणीची वेळ हा खरा अवघड भाग आहे. पावसाळी लाव्याची वीण पावसाबरोबर चालते, पण जंगली लावा ही दुसरी जात पावसाळा सरता सरता अंडी घालू लागते आणि थंडीतही तिची घरटी सापडतात. आपल्याकडे वैरणीची कापणी दसऱ्यापासून दिवाळीनंतरपर्यंत, म्हणजे नेमकी त्याच काळात, होते. शिवाय मजूर कडेकडेने कापत आत येतात. पक्षी उरलेल्या गवतात मागे मागे सरकत मधल्या तुकड्यात कोंडले जातात आणि शेवटच्या विळ्याला एकदम उडून फुटतात. पिल्लांना ते जमत नाही. गेल्या कार्तिकात मी कापणी मधून सुरू करून बाहेरच्या बाजूला नेण्यास सांगितले आणि एकाआड एक पट्टी उभी ठेवली. कापणाऱ्या मावशींना हे उलटे काम अजिबात पटले नाही, कारण भारे वाहण्याचे अंतर वाढते. त्या दिवसाची मजुरी मी वाढवून दिली. तिसऱ्या पट्टीत जंगली लाव्यांचा थवा एकीच्या पायाजवळून फुटला, दहा-बारा पक्षी दहा दिशांना गेले, आणि पाच मिनिटांत बोरीखालून बारीक शिट्ट्या घालत ते पुन्हा एकत्र जमले.

फाल्गुनातील नुकसानीची नोंद थोडक्यात करतो. कोणीतरी बांध पेटवला, आग वाऱ्याने आमच्यात आली आणि अर्धा माळ गेला. आग अडवण्यासाठी गवत काढून ठेवलेली माझी पट्टी, म्हणजे जाळरेषा, तोवर अपुरी होती, हा दोष माझा. गवत पावसाने परत आले. तीन वर्षांच्या बोरी आणि करवंदी मात्र गेल्या. त्यामुळे घाणेरीची उरलेली दोन जाळी मी तूर्त उपटलेली नाहीत. ती परदेशी आहे, पसरते, हे सर्व मान्य आहे, परंतु बोरी वाढेपर्यंत भर दुपारी थव्याने सावलीला जायचे कोठे?

आषाढात वृक्षारोपणासाठी रोपे देऊ करणारे एक मंडळ आले होते. मी नम्रपणे नकार दिला. माळ म्हणजे झाडे नसलेली पडीक जमीन ही कल्पना इतकी रुजलेली आहे की ग्लिरिसिडियाच्या झाडांच्या रांगा लावल्या म्हणजे जमिनीवर उपकार झाले असे आपल्याला वाटते. त्या रांगांच्या सावलीत पवन्या मरतो, आणि फांद्यांवर बसायला शिकरा हा शिकारी पक्षी येतो.

यंदाची गणना मी ठरलेल्या पाच जागी, सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून, प्रत्येक जागी दहा मिनिटे बसून केली. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्यांना बोलावणे मी टाळतो, कारण विणीच्या काळात नर त्यामागे उगाच शक्ती घालवतो. आर्द्रा नक्षत्रात पावसाळी लाव्याचे तीन नर हद्दीच्या आत ओरडताना मिळाले. त्याची हाक दोन तुटक अक्षरांची असते, तर हिवाळ्यात येणाऱ्या साध्या लाव्याची तीन अक्षरांची. पीस सापडले तर आणखी सोपे, कारण साध्या लाव्याच्या पंखांच्या लांब पिसांवर आडवे पट्टे असतात आणि पावसाळी लाव्याची ती पिसे कोरी तपकिरी असतात. रंगीत तित्तिराचा एक नर ओढ्याकाठच्या खडकावर चढून रोज हजेरी देतो.

सर्वांत अनपेक्षित नोंद मात्र जळालेल्या भागातली आहे. तेथे मातीत वाटीएवढा खळगा दिसला, कोणीतरी धूळस्नान केलेला, आणि काठावर पुढे तीन बोटांचे ठसे, मागच्या बोटाची खूणच नाही. लाव्याचेही मागचे बोट लहानच असते, म्हणून मी लगेच नाव लिहिले नाही. नवव्या दिवशी सकाळी फिकट रंगाचा एक पट्टेरी बटनक्वेल चार पिल्ले घेऊन त्याच खळग्यापाशी आला. हा पक्षी लाव्यासारखा दिसतो, पण नात्याने टिटवीच्या गणातला; आणि त्याच्यात अंडी उबवणे, पिल्ले सांभाळणे हे सर्व नराचे काम, मादी अधिक गडद रंगाची आणि दुसरा नर शोधायला मोकळी. त्याने एक वाळवी चोचीत धरून खाली ठेवली आणि चौघांपैकी सर्वांत मागे राहिलेले पिल्लू धावत येऊन ती घेऊन गेले.

त्या खळग्याभोवतीची पट्टी यंदा कापणीतून वगळली आहे. आबांना तसे सांगितले, तेव्हा म्हशींची पाळी त्यांनी आपण होऊन ओढ्याच्या बाजूला वळवली.