हार्ड डिस्क मध्येच तुटते, माउस अडखळतो : दोन दोष वेगळे करतानाचा माझा अनुभव

घरच्या डेस्कटॉप संगणकावरील छायाचित्रांची आणि कागदपत्रांची दुसरी प्रत ठेवण्यासाठी मी अडीच इंची बाह्य हार्ड डिस्क वापरते. तिला स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर नाही. वीज आणि डेटा दोन्ही एकाच यूएसबी केबलमधून जातात. बराच काळ सुरळीत चाललेली ही व्यवस्था बिघडली, तेव्हा दोन लक्षणे जवळजवळ एकाच वेळी दिसू लागली. मोठे फोल्डर कॉपी होत असताना डिस्क संगणकाच्या यादीतून अचानक नाहीशी होई आणि काही क्षणांनी पुन्हा दिसे. त्याच सुमारास वायरलेस माउसचा बाणही पडद्यावर अडखळत, उड्या घेत सरके. दोन्ही उपकरणे यूएसबीवरच असल्यामुळे मदरबोर्ड खराब होत चालला आहे, अशी शंका येणे स्वाभाविक होते. परंतु मदरबोर्ड बदलणे हा सर्वांत खर्चिक उपाय असतो आणि तेथवर पोहोचण्याआधी तपासण्यासारखे पुष्कळ काही असते, म्हणून मी क्रमाने जायचे ठरवले.

तपासणीसाठी दोन नियम आखून घेतले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि प्रत्येक वेळी तेच मोठे फोल्डर कॉपी करून पाहायचे. कोणते पोर्ट, कोणती केबल, शेजारी आणखी काय जोडलेले होते आणि बिघाड किती वाजता झाला, हे सारे वहीत लिहायचे. हे काम कंटाळवाणे वाटते, पण अधूनमधून होणाऱ्या बिघाडात स्मरणशक्तीवर विसंबता येत नाही. तीन-चार गोष्टी एकदम बदलल्या आणि बिघाड थांबला, तर नेमके कशाने थांबला ते कळत नाही आणि तो परतला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. ड्रायव्हर काढून पुन्हा टाकण्याचा सल्ला पहिल्याच पायरीवर दिला जातो, तो मी मुद्दाम मागे ठेवला, कारण त्याने संगणकाची मूळ स्थितीच बदलते आणि आधीच्या नोंदींशी तुलना करता येत नाही.

मांडणी अशी होती : टेबलावर चार पोर्टचा, अ‍ॅडॉप्टर नसलेला यूएसबी हब, त्यात बाह्य डिस्क, वेबकॅम आणि कार्ड रीडर. हबची केबल कॅबिनेटच्या मागच्या निळ्या, म्हणजे यूएसबी ३.० च्या पोर्टमध्ये, आणि त्याच्या अगदी शेजारच्या पोर्टमध्ये माउसचा छोटा रिसीव्हर.

सर्वप्रथम डिस्क स्वतः निरोगी आहे की नाही हे पाहिले. ती दुसऱ्या संगणकाला थेट जोडली असता पूर्ण फोल्डर विनाअडथळा कॉपी झाले. त्यानंतर स्मार्ट नोंदी वाचल्या. हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या या नोंदी ठेवत असते आणि त्या दाखवणारी मोफत साधने उपलब्ध आहेत. त्यांतील ५ क्रमांकाची नोंद खराब झाल्यामुळे बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कवरील साठवणुकीचे छोटे कप्पे, दाखवते, १९७ क्रमांकाची नोंद वाचता न आलेले आणि निर्णय बाकी असलेले सेक्टर दाखवते. या दोन्ही ठिकाणी शून्य होते. शून्य असणे म्हणजे डिस्क कायमची सुरक्षित आहे असे नव्हे, पण वारंवार तुटणाऱ्या जोडणीचे कारण डिस्कच्या तबकड्यांत शोधण्याची गरज उरली नाही.

मग केबल. यूएसबी ३.० च्या रुंद मायक्रो-बी टोकाची केबल बाहेरून धडधाकट दिसते म्हणून ती चांगली असेलच असे नाही. यूएसबी २.० मध्ये चार वाहक असतात : वीज, ग्राउंड आणि डेटाची एक जोडी. यूएसबी ३.० ने त्यांत आणखी पाच संपर्क वाढवले. हे नवे संपर्क नीट जुळले नाहीत, तरी डिस्क जुन्या चार वाहकांवर निमूटपणे चालत राहते. फक्त वेग ५ गिगाबिटवरून ४८० मेगाबिट प्रतिसेकंदावर उतरतो. त्यामुळे डिस्क दिसते आहे, एवढ्यावरून केबलला निर्दोष ठरवता येत नाही. मी तशाच बनावटीची दुसरी, चांगली चालणारी केबल लावून पाहिली. बिघाड तसाच राहिला, म्हणून मूळ केबल परत लावली आणि पुढे गेले.

वहीतील वेळा आणि विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमधील नोंदी शेजारी ठेवल्यावर प्रथमच काही हाती लागले. डिस्क न सांगता काढली गेल्याची नोंद तेथे १५७ या क्रमांकाने होते. अशा नोंदींच्या वेळा पाहिल्या, तेव्हा त्यांचे सरळ दोन गट पडले. एक गट डिस्क फिरायला लागण्याच्या क्षणाशी किंवा वेबकॅम सुरू होण्याच्या क्षणाशी जुळत होता. दुसरा गट डिस्क बराच वेळ नुसती पडून राहिल्यानंतरचा होता. एकाच तक्रारीच्या पोटात दोन कारणे असू शकतात, हे येथे दिसले, आणि पुढची सगळी तपासणी त्यामुळे सोपी झाली.

पहिल्या गटाचा रोख विजेकडे होता. यूएसबी २.० चे पोर्ट एका उपकरणाला ५०० मिलिअ‍ॅम्पिअरपर्यंत आणि यूएसबी ३.० चे पोर्ट ९०० मिलिअ‍ॅम्पिअरपर्यंत वीज देईल, असे प्रमाणभूत नियम सांगतो. स्वतःचा अ‍ॅडॉप्टर नसलेला हब संगणकाकडून एका पोर्टच्या वाट्याचीच वीज घेतो आणि ती आपल्या सर्व पोर्टमध्ये वाटतो. चार पोर्ट दिसतात म्हणून चार पोर्टची वीज मिळत नाही. हार्ड डिस्कची तबकडी स्थिर अवस्थेतून फिरू लागते, तेव्हा मोटरला काही क्षण नेहमीपेक्षा बराच जास्त प्रवाह लागतो. त्याच वेळी वेबकॅमही वीज ओढत असेल, तर व्होल्टेज खाली येते आणि डिस्कमधील नियंत्रक सर्किट पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. संगणकाच्या दृष्टीने डिस्क निघून गेलेली असते.

हे अनुमान तपासण्यासाठी यूएसबीचा छोटा व्होल्टमीटर हबच्या मोकळ्या पोर्टमध्ये लावला. हबच्या सगळ्या पोर्टना वीज एकाच वाटेने मिळत असल्यामुळे शेजारच्या पोर्टवरही घसरण दिसते. एरवी ५ व्होल्टच्या आसपास असणारा आकडा डिस्क सुरू होताना ठळकपणे खाली येत होता आणि वेबकॅम चालू असताना आणखी खाली. अशी घसरण डोळ्यांनी पाहता येते, हे मला या सबंध प्रक्रियेतले सर्वांत समाधानाचे वाटले. ज्यांच्या घरी यूएसबीवरची चार-पाच उपकरणे आहेत, त्यांनी हे लहानसे साधन जवळ ठेवावेच.

त्यानंतर डिस्क हबमधून काढून थेट कॅबिनेटच्या मागच्या निळ्या पोर्टमध्ये लावली. मागची पोर्टे मदरबोर्डवरच बसवलेली असतात. कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टपर्यंत मात्र आतून वेगळी केबल आलेली असते, त्यामुळे तपासणीसाठी मागचे पोर्ट अधिक विश्वासाचे. पहिल्या गटातील बिघाड पूर्ण थांबला. मात्र माउसचे अडखळणे कमी होण्याऐवजी वाढले. एका बदलाने एक दोष नाहीसा व्हावा आणि दुसरा बळावावा, याचा अर्थ दोघांचे मूळ एक नाही. मदरबोर्डवरची शंका येथे बरीचशी दूर झाली.

दुसऱ्या गटाचे, म्हणजे पडून राहिल्यानंतर तुटण्याचे काम थोडक्यात आटोपले. वीज वाचवण्यासाठी वापरात नसलेली यूएसबी उपकरणे झोपवण्याची सोय विंडोजमध्ये आहे; तिला सिलेक्टिव्ह सस्पेंड म्हणतात. बहुतेक उपकरणे त्यातून व्यवस्थित जागी होतात, माझ्या डिस्कमधील नियंत्रक मात्र होत नव्हता. पॉवर ऑप्शन्समधील यूएसबीच्या सेटिंगमध्ये ही सोय बंद केली आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटखालील, उपकरण बंद करण्याची मुभा देणारी खूणही काढली. टेबलावरच्या संगणकात याने विजेचा फारसा फरक पडत नाही. बॅटरीवर चालणाऱ्या लॅपटॉपमध्ये मात्र दोनदा विचार करावा.

उरला माउस. नवी बॅटरी घालून पाहिली होती, पृष्ठभाग बदलला होता, आणि तारेचा माउस त्याच संगणकावर मुळीच अडखळत नव्हता. वहीतील नोंदींवरून एवढे स्पष्ट होते की त्रास डिस्कवर कॉपी चालू असतानाच होतो आणि कॉपी थांबताच थांबतो. वायरलेस माउसचे रिसीव्हर बहुधा २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात काम करतात. यूएसबी ३.० वरून ५ गिगाबिट वेगाने डेटा जात असताना त्याचा विद्युत गोंगाट विस्तृत पट्ट्यावर पसरतो आणि त्यात २.४ ते २.५ गिगाहर्ट्झचा भागही येतो. इंटेलने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या तांत्रिक टिपणात हा परिणाम मोजमापांसह मांडलेला आहे. पोर्ट, केबलची टोके आणि उपकरण स्वतः, या तिन्ही ठिकाणांहून हा गोंगाट बाहेर पडू शकतो, आणि रिसीव्हर जितका जवळ तितका माउसचा क्षीण संदेश त्यात बुडतो. माझा रिसीव्हर डिस्कच्या केबलला जवळजवळ चिकटून होता.

कारण पटणे वेगळे आणि सिद्ध होणे वेगळे, म्हणून येथेही एकच गोष्ट बदलणारी चाचणी शोधली. डिस्कवरील यूएसबी ३.० च्या रुंद मायक्रो-बी खाचेच्या मोठ्या भागात जुन्या फोनची साधी मायक्रो यूएसबी केबल बसते. ती डेटा वाहणारी असली पाहिजे, केवळ चार्जिंगची नको. तशी केबल लावली की डिस्क तीच, पोर्ट तेच, रिसीव्हर जागच्या जागी. फक्त जलद वेगाच्या वाहकजोड्या वगळल्या जातात. कॉपीचा वेग अपेक्षेप्रमाणे खूप उतरला आणि माउस पूर्वीसारखा सफाईने चालू लागला. मूळ केबल परत लावताच अडखळणे परतले. याहून स्वच्छ पुरावा घरच्या साधनांनी मिळणे कठीण आहे.

उपाय मात्र वेग कमी करण्याचा नव्हता. रिसीव्हर एका यूएसबी एक्स्टेन्शन केबलवर चढवून टेबलाच्या पुढच्या कडेला, माउसच्या जवळ आणला. तेवढ्या अंतराने अडखळणे थांबले. ब्लूटूथ आणि २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय यांनाही याच गोंगाटाचा उपद्रव होऊ शकतो. ज्यांचे वायफाय बाह्य डिस्क जोडली की मंदावते, त्यांनी वायफायचा यूएसबी अ‍ॅडॉप्टर असाच दूर नेऊन पाहावा किंवा राउटर देत असल्यास ५ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडावा.

वेबकॅम आणि कार्ड रीडर त्याच हबवर राहिले, कारण त्यांना वीज कमी लागते. ज्यांना डिस्क हबवरच ठेवणे भाग आहे, त्यांनी स्वतंत्र अ‍ॅडॉप्टर असलेला हब घ्यावा.

जोडणी स्थिर झाली तरी काम संपलेले नव्हते. डिस्क लिहिता लिहिता तुटली असेल, तर फाइल यादीत दिसते, तिचा आकारही बरोबर असू शकतो, पण आतला मजकूर अपुरा असतो. म्हणून आधी विंडोजच्या चेकडिस्कने फाइल व्यवस्था तपासून दुरुस्त केली आणि नंतर मूळ फाइल व तिची प्रत यांची एसएचए-२५६ मूल्ये, म्हणजे फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेले ठसे, काढून जुळवली. दोन फाइलींत एका बिटाचा जरी फरक असला तरी ही मूल्ये वेगळी येतात. बिघाडाच्या काळात कॉपी झालेल्या काही छायाचित्रांची मूल्ये जुळली नाहीत. मूळ प्रती संगणकात शाबूत होत्या, तेव्हा ती छायाचित्रे पुन्हा कॉपी केली, मूल्ये पुन्हा काढली, आणि या वेळी सगळी जुळली; इव्हेंट व्ह्यूअरमध्येही १५७ ची नवी नोंद नव्हती.