गोदावरी तिकडे जात नाही

रामकुंडापासून चालत पाच मिनिटांवर माझं आजोळ. गल्लीतून कुणी फडक्यात बांधलेलं मडकं छातीशी धरून घाटाकडे निघालं की आजी दार लोटून घ्यायची. कुठून कुठून लोक इथे अस्थी घेऊन येतात, आणि कुंडाच्या इतक्या जवळ राहून तिच्याकडे न्यायला काहीच नव्हतं.

माझा मामा आयएनएस खुकरीवर इंजिनरूममध्ये होता. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने टॉर्पेडो मारला आणि जहाज काही मिनिटांत बुडालं. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी जहाज सोडलं नाही, हे पुष्कळांना माहीत असतं. इंजिनरूम जहाजाच्या पार तळाशी असते, हे आईला खूप वर्षांनी कुणीतरी सांगितलं. तिने ते आजीला कधीच कळू दिलं नाही.

तार इंग्रजीत होती. शेजारच्या मास्तरांनी वाचली आणि म्हणाले, "बेपत्ता आहे." त्यानंतर आठवड्याभराने पोस्टमन मनिऑर्डर घेऊन आला, ४० रुपयांची. मामाने आधीच पाठवलेली, लढाईत टपाल रखडलेलं. पोस्टमन रोजच्या ओळखीचा. पिशवीत हात घालून तो उंबऱ्यापाशी तसाच उभा राहिला. कुपनावर मामाचं अक्षर होतं : 'मी खुशाल आहे. बाबांना घोंगडी घ्यावी, थंडी वाढली असेल.' आजीने सही केली, पैसे मोजून घेतले आणि दुसऱ्याच दिवशी घोंगडी आणली. काळी, लाल काठाची. आता ती माझ्याकडे आहे. काठाचा रंग पार उडालाय, पण लोकर अजून टोचते.

पुढच्या वर्षी आजोबांनी पालाशविधी केला. देह मिळत नाही तेव्हा पळसाच्या ३६० देठांचा माणूस मांडतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला अग्नी देतात. ती राख रामकुंडात सोडली. आजी घाटावर गेली नाही. "पळसाची पानं माझ्या पोटी आली नव्हती," एवढंच बोलली.

पितृपक्षात गुरुजींनी सांगितलं, शस्त्राने गेलेल्यांचं श्राद्ध चतुर्दशीला करतात. आजीने विचारलं, "पण तो शस्त्राने गेला की पाण्याने?" दरवर्षी विचारायची. मला वाटतं, तिला तिथी नको होती, त्याची शेवटची मिनिटं हवी होती. तेवढी कुणाकडेच नव्हती.

आई तेव्हा चौदा वर्षांची. शाळेचा नकाशा पसरून तिने आजीला दाखवलं, की गोदावरी ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि जवळच्या अरबी समुद्राकडे पाठ फिरवून, सुमारे १४६५ किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. दीव दुसऱ्या बाजूला. आजी बराच वेळ नकाशाकडे बघत राहिली. म्हणाली, "म्हणजे इथलं पाणी माझ्या पोराकडे जातच नाही."

मग नकाशावर दोघींना वैतरणा सापडली. तीही त्र्यंबकच्याच डोंगरातली, पण पश्चिमेला उतरते आणि अर्नाळ्याजवळ अरबी समुद्राला मिळते. यमलोकाच्या वाटेवरच्या नदीचं नाव म्हणून माणसं दचकतात. आजी नाही दचकली. दर ९ डिसेंबरला ती आईला घेऊन एसटीने जायची आणि नदीत ओंजळभर पाणी सोडून यायची. रामकुंडात तिने मामाच्या नावाने कधीच काही सोडलं नाही.

१९९९ मध्ये दीवला खुकरीचं स्मारक झालं. आजी त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. समुद्राकडे तोंड करून टेकाडावर, काचेच्या आत जहाजाची प्रतिकृती आहे. आम्ही गेलो तेव्हा आई खाली वाकली आणि काचेवरून बोट फिरवत जहाजाच्या तळापाशी थांबली. "इथे असेल ना गं?" मी हो म्हटलं.

आता आईचे गुडघे धरतात, म्हणून तिला मी गाडीने नेते. मागच्या डिसेंबरला काठावर चिखल होता. माझा खांदा धरून ती उतरली, ओंजळ भरली, आणि पाणी सोडता सोडता म्हणाली, "दादा, बाबांनी ती घोंगडी पुष्कळ वर्षं वापरली हं."