डिट-डा-डिट

१६ डिसेंबर, रात्री उशिरा

आज विजय दिवस. सकाळपासून १९७१ चा तो ढाक्याचा फोटो फिरतोय. पाकिस्तानचे जनरल नियाझी शरणागतीवर सही करताहेत, शेजारी आपले जनरल अरोरा. बाबा असते तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले असते, "आणि ही बातमी पुढे कळवणारे कुठायत फोटोत?"

बाबा सिग्नल्समध्ये, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन दलात, ऑपरेटर. जबलपूरला ट्रेनिंग, पुढे चोवीस वर्षं नोकरी. त्यातलं हे युद्ध जेमतेम तेरा दिवसांचं, पण लोक विचारायचे ते त्याच तेरा दिवसांबद्दल. "कानाला हेडफोन होता. काय सांगणार?" म्हणून ते उठून जायचे.

दुपारी आईकडे त्यांची काळी ट्रंक उघडली. झाकणावरचं पांढरं नाव निम्मं खरवडलंय, नंबर मात्र शाबूत. आत 'पूर्वी स्टार' हे युद्धाचं पदक आणि सुतळीने बांधलेली आंतर्देशीय पत्रं, आई-बाबा दोघांचीही. प्रत्येकाच्या कोपऱ्यात अनुक्रमांक. एखादं वाटेत गहाळ झालं तर कळावं म्हणून ही ऑपरेटरची शिस्त त्यांनी आईलाही लावली होती. बाबांचं ४० आहे, ४२ आहे, ४१ नाही. ४२ वर तारीख २० डिसेंबर १९७१. "मी ठीक आहे. बाळीचा खोकला गेला का? रात्री तिला उताणी निजवू नकोस." बाळी म्हणजे मी. त्र्याण्णव हजार सैनिक शरण आले त्याला चार दिवस झाले होते, आणि ह्यांना माझा खोकला! सेन्सॉर होता म्हणा, पण बाबांनी एरवीही हेच लिहिलं असतं.

४१ चं काय झालं, असं आईला विचारलं. "नाही आलं," एवढंच म्हणाली.

मी कुठेही गेले की पोचल्याचा फोन करायचा, हा घरचा नियम. मी "पोचले" म्हटलं की बाबा बोलायचे नाहीत. रिसीव्हरवर नखाने वाजवायचे: टक, मग लांब खर्र, मग टक. डिट-डा-डिट. मोर्स या तारेच्या सांकेतिक लिपीतला 'आर', म्हणजे संदेश मिळाला. कॉलेजात असताना याची मला भयंकर लाज वाटायची, मैत्रिणी शेजारी उभ्या असायच्या.

रात्री घरी पोचल्यावर आईला फोन केला. "पोचले गं."

ती गप्प. मग खर्र, टक, खर्र.

उलटं वाजवलं तिने. हा 'आर' नाही, 'के' झाला. म्हणजे, तू बोल, मी ऐकतेय.