सत्तेतल्या पक्षाची छाननी अडते तेव्हा : माझा अनुभव

सत्ताधारी पक्षाची तालुका संघटना नव्याने उभी करायची म्हटलं की सगळे मेळाव्याबद्दलच विचारतात. सभागृह कुठलं, वरून कोण येणार, बॅनरवर कुणाचा फोटो केवढा. या कामातून मी आरपार गेलो आहे, म्हणून सांगतो, मेळावा एका संध्याकाळी उरकतो. सदस्य नोंदणीही उरकते, कारण सत्ता असली की लोक स्वतः शोधत येतात. अडते ती छाननी, म्हणजे नोंदवलेले सदस्य खरे की खोटे याची तपासणी. सदस्यांची यादी जिल्हा कार्यालयात गेली की तिथेच मुक्काम ठोकते. ती मंजूर होत नाही तोवर बूथ समित्या नाहीत, संघटनात्मक निवडणूक नाही, नवा तालुकाध्यक्ष नाही. जुनाच 'पुढील आदेशापर्यंत' चालू राहतो. त्या छाननीचा राग अजून गेलेला नाही, आणि पुढच्या माणसाचा वेळ वाचावा असं मनापासून वाटतं, म्हणून लिहितो आहे.

आधी दुखणं कुठे आहे ते बघा. विरोधात असताना पक्षाला माणसं मिळत नाहीत. सत्तेत असताना मिळतात, पण ती कुणाची आहेत ते कळत नाही. तालुका पातळीवर सत्ताधारी पक्षाकडे वाटण्यासारखं बरंच असतं. संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या तालुका समितीवरची अशासकीय पदं, विशेष कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नेमणुका, शिवाय इतर लहानमोठ्या समित्या. नावं शिफारशीने पुढे जातात आणि शिफारशीत आमदाराचा आणि तालुकाध्यक्षाचा शब्द चालतो. त्यात २००३ च्या ९१व्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाला सभागृहाच्या १५ टक्क्यांची मर्यादा घातली. आपल्या विधानसभेच्या जागा २८८, म्हणजे मुख्यमंत्र्यांसह जास्तीत जास्त ४३ मंत्री. उरलेल्यांपैकी काहींना महामंडळ मिळतं, बाकीच्यांच्या हाती काहीच लागत नाही. असा आमदार निदान तालुक्याची संघटना तरी मुठीत ठेवतो. त्याची पकड तालुकाध्यक्षावर आणि तालुकाध्यक्षाची यादीवर. संघटना सुकते ती इथून.

आता छाननी. आमच्याकडे दोन याद्या गेल्या होत्या. एक जुन्या निष्ठावंतांची, दुसरी सत्ता आल्यावर पक्षात आलेल्या गटाची. कार्यालयात विचारलं की ठरलेली उत्तरं मिळायची. वरून आदेश नाही. छाननी समितीचे एक सदस्य मुंबईला आहेत. दुसऱ्या गटाची हरकत आहे, पण तोंडी आहे. यादी संगणकावर चढवायचं काम चालू आहे. आम्ही चकरा मारत राहिलो, स्मरणपत्रं देत राहिलो. स्मरणपत्राची पोच मागितली की शिक्का सापडायचा नाही.

इतके दिवस ते काम आळसाने अडलं आहे असंच वाटत होतं. तसं नसतं. ती यादी मंजूर होण्यात कुणाचाच फायदा नसतो. मंजूर झाली की संघटनात्मक निवडणुकीतले मतदार पक्के होतात आणि निकालाचा अंदाज त्याच दिवशी येतो. ज्याची बाजू लंगडी तो अडवतो. ज्याची भक्कम तोही फार ताणत नाही, कारण यादी लटकलेली असते तोवर त्याचं आत्ताचं पद शाबूत राहतं. कार्यालयातल्या माणसाला दोघांशी जुळवून राहायचं असतं. म्हणून गठ्ठा कपाटात. हे लवकर ओळखा आणि कार्यालयाशी भांडण्यात शक्ती घालवू नका. अडवणूक कार्यालयातून होते, पण तिचा मालक दुसरीकडे बसलेला असतो.

याद्या हलल्या त्या पक्षाच्या प्रदेश कार्यालयाने एका ज्येष्ठ नेत्याला निरीक्षक म्हणून पाठवल्यावर. तालुक्यात सगळे त्यांना तात्या म्हणतात, मीही तसंच लिहितो. विधानसभा, मंत्रिपद सगळं भोगून झालेलं, पुन्हा उभं राहायचं नाही हे जाहीर केलेलं, मुलगा किंवा पुतण्या रांगेत नाही. निरीक्षकपद घेण्याआधी त्यांनी स्वतःकडचं महामंडळाचं अध्यक्षपद सोडलं. याचं मोल मला बैठकीत कळलं. दोन पदं धरून बसलेल्यांना 'एक सोडा' म्हणताना त्यांना आवाज चढवावा लागला नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी याद्या बाजूला सारल्या आणि सदस्य नोंदणीच्या पावतीबुकांच्या स्थळप्रती, म्हणजे पावती फाडून दिल्यावर पुस्तकात उरणाऱ्या प्रती, मागवल्या. यादी कुणीही टाइप करून आणतो, स्थळप्रत खोटं बोलत नाही. खरं पावतीबुक गावात फिरलेलं असतं. त्यात पेन बदलतं, अक्षर बदलतं, तारखा पुढे सरकतात, मधली एखादी पावती रद्द करून तिथेच टाचलेली असते, कुठे अंगठा उमटलेला असतो, एका घरातल्या तीन जणांपुढे एकच मोबाईल नंबर असतो. खोटं पुस्तक एका बैठकीत भरलेलं असतं. एकच शाई, एकच तिरकं अक्षर, पहिल्यापासून शेवटच्या पावतीपर्यंत एकच तारीख.

त्याहून मोठी खूण म्हणजे नावांचा क्रम. खोटी नोंदणी करणारा मतदार यादी पुढ्यात घेऊन बसतो, त्यामुळे नावं यादीच्याच अनुक्रमाने उतरतात. घर क्रमांक ओळीने येतात. यादीतून अजून न वगळलेले मयत सदस्य होऊन बसतात, लग्न होऊन परगावी गेलेल्या मुली माहेरच्या आडनावाने सदस्य होतात. तात्यांनी दोन्ही गटांची दोन-दोन माणसं समोरासमोर बसवली, मधे मतदार यादी ठेवली आणि यादी भागानुसार एकेक स्थळप्रत वाचायला लावली. वाचणारा एका गटाचा, खूण करणारा दुसऱ्या गटाचा. तिसऱ्या पुस्तकाला ओळीने घर क्रमांक येऊ लागले तेव्हा कुणी काही बोललं नाही. ते पुस्तक त्याच गटाच्या माणसाने स्वतः बाजूला ठेवलं.

तात्या कुठे बसले यालाही महत्त्व आहे. शासकीय विश्रामगृहात बसले नाहीत. विश्रामगृहाच्या दारात आमदाराची माणसं उभी असतात आणि आत कोण जाणार हे तीच ठरवतात. तात्या पक्ष कार्यालयातच बसले, सकाळी ठरलेल्या वेळेला, दार उघडं ठेवून. दुसरं म्हणजे, हरकत लेखी आणि सदस्य क्रमांकासह असेल तरच घेतली. 'त्यांची सगळी नोंदणी बोगस आहे' असा अर्ज त्यांनी तिथल्या तिथे परत दिला. 'कोणती पावती?' एवढंच विचारलं. छाननी होऊन उरलेली यादी कार्यालयाच्या भिंतीवर लावली आणि हरकतींची शेवटची तारीख तिच्याच खाली लिहिली. तारीख उलटल्यावर आलेला एकही अर्ज घेतला नाही, त्यात आमच्या गटाचाही एक होता. मला तेव्हा ते लागलं. पण तो घेतला असता तर समोरून दहा आले असते.

सत्ताधारी पक्षात ज्येष्ठाने काय करावं, याचा आपल्या देशातला सगळ्यात मोठा दाखला कामराजांचा, आणि तो नीट वाचण्यासारखा आहे. १९६२ चं चीन युद्ध झालं, १९६३ मध्ये काँग्रेसने लोकसभेच्या तीन पोटनिवडणुका गमावल्या. अमरोह्यातून कृपलानी, फर्रुखाबादहून लोहिया, राजकोटहून मसानी हे विरोधक निवडून आले. तेव्हा मद्रासचे मुख्यमंत्री असलेल्या कामराजांनी सुचवलं की ज्येष्ठांनी सत्तेची पदं सोडून संघटनेच्या कामाला लागावं. ऑगस्ट १९६३ मध्ये पक्षाने ते मान्य केलं. केंद्रातले सहा मंत्री बाहेर पडले. मोरारजी देसाई, लालबहादूर शास्त्री, जगजीवन राम, मुंबईचे स. का. पाटील, गोपाल रेड्डी आणि श्रीमाली. सहा मुख्यमंत्रीही गेले, त्यात स्वतः कामराज होते. १९५४ पासून हाती असलेलं मुख्यमंत्रिपद त्यांनी भक्तवत्सलम यांच्याकडे सोपवलं आणि पुढे ते पक्षाचे अध्यक्ष झाले. मे १९६४ मध्ये नेहरू गेले, जानेवारी १९६६ मध्ये शास्त्री गेले. दोन्ही वेळा पुढचा पंतप्रधान ठरवताना कामराजांचा शब्द निर्णायक ठरला, कारण ते स्वतःसाठी काही मागत नव्हते.

पण त्याची दुसरी बाजूही आहे. कुणाचे राजीनामे स्वीकारायचे हे एकट्या नेहरूंच्या हाती होतं, त्यामुळे मोरारजींना वाटेतून दूर करण्यासाठीच हा खटाटोप झाला, ही शंका तेव्हा उठली ती कायमची. शास्त्री तर जानेवारी १९६४ मध्येच मंत्रिमंडळात परतले. पदं सोडलेल्यांना संघटनेत कोणतं ठोस काम दिलं, याचं समाधानकारक उत्तर मिळत नाही. १९६७ मध्ये काँग्रेस लोकसभेत २८३ जागांवर आली, मद्रास राज्य द्रमुककडे गेलं आणि खुद्द कामराज विरुधुनगरमध्ये एका तरुण विद्यार्थी नेत्याकडून हरले. माझं मत असं की वरून राजीनामे घेतल्याने वरच्यांची वाट मोकळी होते, तालुक्याची यादी त्याने साफ होत नाही. ज्येष्ठाला पाठवायचंच तर मंचावर पाठवू नका, स्थळप्रतींपुढे बसवा.

छाननी सुटली की बाकी कामं भराभर होतात. बूथ समितीसाठी माणसं हवेतून मोजू नका, मतदार यादीच्या पानांवरून मोजा. एका पानावर ३० नावं असतात, म्हणजे १,२०० मतदारांच्या केंद्राची चाळीस पानं. पानागणिक एक माणूस मिळाला तर उत्तमच. सुरुवातीला दोन-तीन पानांना एक धरा, पण तो त्याच वस्तीतला असू द्या. जिल्हा परिषदेच्या एका गटात पंचायत समितीचे दोन गण येतात. बैठका गणवार घ्या. गटाची बैठक घेतली की इच्छुक उमेदवार ती ताब्यात घेतो.

बूथ लेव्हल एजंटचं, म्हणजे मतदार यादीच्या कामासाठी पक्षाने नेमलेल्या माणसाचं, काम वेगळं आहे, ते बूथप्रमुखाशी मिसळू नका. आधी पक्षाने विधानसभा मतदारसंघासाठी प्रतिनिधी अधिकृत करावा लागतो, मग तो प्रतिनिधी एजंट नेमतो. हा क्रम चुकला की नेमणुका परत येतात. मतदार यादीच्या नेहमीच्या पुनरीक्षणात एका एजंटला दिवसाला बीएलओकडे (निवडणूक यंत्रणेच्या बूथ लेव्हल ऑफिसरकडे) एकगठ्ठा १० पर्यंतच अर्ज देता येतात, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. नवं नाव नमुना ६, वगळणं नमुना ७, दुरुस्ती आणि स्थलांतर नमुना ८. छाननीत सापडलेली मयतांची नावं वाया घालवू नका. घरच्यांना विचारून त्यांचे नमुना ७ भरून घ्या, पुढच्या वेळच्या खोट्या नोंदणीचं रान तेवढं कमी होतं. नवमतदारांसाठी १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार अर्हता तारखा, म्हणजे वय अठरा पूर्ण आहे का ते ज्या दिवशी मोजतात त्या तारखा, आहेत आणि सतरा वर्षं पूर्ण झाली की आगाऊ अर्ज करता येतो. सत्ताधारी पक्षाची माणसं याकडे सर्रास दुर्लक्ष करतात. विरोधक करत नाहीत.

वर सांगायचं राहिलं ते इथे सांगतो. छाननीच्या बैठकीचं इतिवृत्त त्याच दिवशी हाताने लिहून घ्या आणि दोन्ही गटांच्या सह्या तिथेच घ्या. 'टाइप करून उद्या पाठवतो' म्हटलं की ते इतिवृत्त येत नाही. शासकीय समितीवर नाव गेलेल्या माणसाला तालुका कार्यकारिणीत घेऊ नका, घेतलं तर शिफारसपत्रासाठीची रांग त्याच्या दारात लागते आणि बूथचं काम तिथेच संपतं. सदस्यत्वाचे पैसे रोज बँकेत भरा, भरणा पावतीवर पावतीबुकाचा क्रमांक लिहा. पुढे कुणी पुस्तक उशिरा भरलं तर भरण्याच्या तारखेवरून ते उघड होतं.

ज्येष्ठ निरीक्षक कायमचा राहत नाही. तो जाण्याआधी अंतिम यादीच्या प्रत्येक पानावर त्याची सही आणि तारीख घ्या, फक्त शेवटच्या पानावर नको. मधली पानं बदलली जातात. एक प्रत प्रदेश कार्यालयाला स्पीड पोस्टाने पाठवा, एक तालुक्यात ठेवा, आणि स्थळप्रती जिल्हा कार्यालयात अजिबात ठेवू नका. पुढची संघटनात्मक निवडणूक होईपर्यंत त्या दोन्ही गटांच्या कुलुपांच्या एका पेटीत राहू द्या.